साडेपाचची एसटी आणि आपलं आरोग्य

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



संयोजकांचा मला फोन आला होता, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल." मी हो म्हटलं, तयारीही केली. पण मागच्या महिन्यात शाळेला द्यायच्या डिजिटल फळ्याचं पक्कं करायला इथे आले होते, तेव्हा संध्याकाळी स्टँडवर एक दृश्य पाहिलं आणि विषय बदलला. ते दृश्य शेवटी सांगते. आज मी एसटीवर बोलणार आहे. शेवटच्या बाकावरची मंडळी आत्ताच हसायला लागली आहेत. हसा. शाळेतही तुम्ही तिथेच बसून हसत होता आणि बाई मलाच उभं करत होत्या.

आपल्यापैकी निम्मे तरी एसटीने शाळेत यायचो. महिन्याचा पास, त्यावर आपला अंगठ्याएवढा फोटो, आणि तो पास प्लास्टिकच्या पाकिटात घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात. पूर्ण भाड्याच्या एक-तृतीयांश पैशात महिनाभर प्रवास. पास हरवला तर घरी काय होईल याची धास्ती परीक्षेपेक्षा मोठी असायची. वाहककाका तिकिटांच्या ट्रेवर पंच टकटक वाजवत गर्दीतून वाट काढायचे आणि डबल बेल दिली की गाडी हलायची. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, हे आपण कधीतरी सामान्यज्ञानासाठी पाठ केलं असेल. पण 'गाव तिथे एसटी' या तीन शब्दांचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. तो कळायला माझ्या शेजारी बाकावर बसणारी एक मुलगी शाळेतून जावी लागली.

तिची गोष्ट मी तिच्या परवानगीने सांगते आहे, नाव मात्र घेणार नाही. आम्ही दोघी नदीपलीकडच्या एकाच रस्त्यावरच्या. माझं गाव अलीकडे, तिचं पुढे तीन किलोमीटरवर. शाळा पाचला सुटायची, साडेपाचला एसटी. आम्ही नववीत असताना पावसाळ्यात ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेला आणि साहजिकच साडेपाचची गाडी बंद झाली. पूल दिवाळीपर्यंत दुरुस्त झाला. गाडी पुन्हा सुरू करा म्हणून सांगायला मात्र कुणी गेलं नाही. ज्याच्या घरी सायकल होती त्याने सायकल काढली, ज्याचे वडील दूध घालायला येत त्याला मोटारसायकल मिळाली. माझी आत्या गावातच राहायची, मी तिच्याकडे राहायला गेले. माझ्या मैत्रिणीला गावात आत्या नव्हती. महिनाभर ती आणि तिच्या वाडीची अजून एक मुलगी चालत गेल्या. डिसेंबरात सहाला अंधारतं. एके दिवशी तिच्या वडिलांनी सांगितलं, "बास झालं आता."

मागे पडद्यावर आपला दहावीचा फोटो लावला आहे. त्यात ती नाही. ती हुशारीत माझ्या पुढे होती, हे इथे बसलेले गणिताचे सर सांगतील. मी इंजिनीअर झाले याचं श्रेय मी आजवर अभ्यासाला, आईवडिलांना आणि या शाळेला देत आले. ते खरंच आहे. पण त्यात थोडं श्रेय आत्याच्या घराचंही आहे.

आता मी पुण्याला येते, आणि माझ्या स्वतःच्या तब्येतीकडे.

माझं घर कोथरूडला, ऑफिस कल्याणीनगरला. कितीतरी वर्षं मी गाडीने जात होते. जायला सव्वा तास, यायला कधी दीड. एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, एक हात हॉर्नवर. घरी पोचल्यावर कुणी नुसतं "चहा घेणार का?" विचारलं तरी अंगावर जायचे. बेचाळिसाव्या वर्षी तपासणीत साखर सीमारेषेवर आली, रक्तदाब वर सरकला, आणि पाठ तर दोन वर्षं दुखतच होती. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती चालता? मी म्हटलं, भरपूर, दिवसभर धावपळच असते. त्यांनी माझा फोन मागितला आणि पावलं मोजणारं पान उघडलं. दिवसाला दोन हजार तीनशे. म्हणाले, "ही धावपळ नाही, ही बसपळ आहे."

मी व्यायामशाळेचे वर्षभराचे पैसे भरले. अकरा वेळा गेले. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता खाली बघतायत, त्यामुळे जास्त सांगत नाही.

बदल झाला तो दुसऱ्याच कारणाने. पुण्यात मेट्रोचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, वनाज ते गरवारे कॉलेज. तेवढ्याचा मला उपयोग नव्हता. बरोबर दोन वर्षांनी ती रामवाडीपर्यंत गेली आणि कल्याणीनगर रस्त्यात आलं. गाडी दुरुस्तीला दिली होती म्हणून नाइलाजाने चार दिवस मेट्रोने गेले. घरापासून स्टेशन बारा मिनिटं चालत, मेट्रोत अर्धा तास, तिकडे उतरून ऑफिस दहा मिनिटं चालत. पाचव्या दिवशी गाडी आली, पण मी मेट्रोनेच गेले.

हिशेब करा. एका बाजूला बावीस मिनिटं, दोन्हींकडून चव्वेचाळीस. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे दोनशे वीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. झपाझप चालणं त्यात मोजतात. म्हणजे व्यायामासाठी वेगळा वेळ न काढता, वेगळे बूट न घेता, कुणाला काही न सांगता माझा व्यायाम व्हायला लागला. अमेरिकेत बस-रेल्वेने जाणाऱ्या लोकांचा एक अभ्यास झाला होता. त्यांच्यातले निम्मे लोक फक्त थांब्यापर्यंत जाण्यायेण्यात दिवसाला एकोणीस मिनिटं किंवा त्याहून जास्त चालत होते. व्यायाम करायचा असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ठरवलंही नसेल. त्यांना फक्त कामावर जायचं होतं.

या विषयावरचं माझं आवडतं संशोधन मात्र बसमध्येच झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना प्रश्न पडला, हृदयविकार इतका का वाढतोय? त्यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. गाडी तीच, रस्ते तेच. फरक इतकाच की चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिन्यावरून वर-खाली, रोज काही शे पायऱ्या. १९५३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो कमी जीवघेणा असे. लोक म्हणाले, चालक मुळातच जाडे असतील. मॉरिसनी सरळ गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि पँटच्या कमरेची मापं तपासली. चालकांच्या कमरा मोठ्या निघाल्याही. पण बारीक, मध्यम आणि जाड असे गट वेगळे करून पाहिलं तरी हृदयविकाराने अचानक मरण येण्याचं प्रमाण चालकांतच जास्त. बसून राहणं हृदयाला वाईट, हे आज आपण सहज बोलतो. ते पहिल्यांदा आकड्यांनी दाखवलं गेलं ते बसच्या वाहकांमुळे. आपल्या पंच वाजवणाऱ्या काकांच्या बिरादरीने वैद्यकशास्त्रावर केलेला हा उपकार आहे.

माझ्या बाबतीत सांगायचं तर वर्षभरात रक्तदाब जागेवर आला, पाठ महिन्यातून एखाद्या दिवशी दुखते, साखर सीमारेषेच्या थोडी अलीकडे आली. सगळं मेट्रोमुळे झालं असं मी म्हणणार नाही, रात्रीचा भातही कमी केला आहे. पण सगळ्यात आधी घरच्यांच्या लक्षात आला तो वेगळाच फरक. मुलगा म्हणाला, "आई, तू हल्ली घरी आल्यावर ओरडत नाहीस."

आता कुणी म्हणेल, तुझ्या घराजवळ मेट्रो आहे, तुला काय. अगदी बरोबर. सार्वजनिक वाहतूक म्हणजे नुसती चकचकीत मेट्रो नव्हे. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना दोन बस बदलाव्या लागतात. त्यांच्या दृष्टीने प्रश्न बस आहे की नाही हा नसतो, बस नक्की कधी येईल हा असतो. इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या, गणिताचे सर आहेतच तपासायला.

समजा, तासाला सहा बस आहेत. दर दहा मिनिटांनी एक आली, तर तुम्ही केव्हाही थांब्यावर जा, सरासरी पाच मिनिटं थांबाल. आता त्याच सहा बस वाहतुकीत अडकून दोन-दोनच्या जोडीने यायला लागल्या. म्हणजे वीस मिनिटांनी दोन एकदम. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, कर्मचारी तेवढेच. पण तुमचं सरासरी थांबणं दहा मिनिटं झालं, दुप्पट. वर पहिली बस खचाखच आणि मागची रिकामी. कागदावर मात्र दोन्हीकडे 'तासाला सहा फेऱ्या' असंच लिहिलेलं असतं. आमच्या सर्व्हरवर अगदी हेच होतं आणि त्यावर आम्ही रात्र-रात्र जागतो. बसला स्वतंत्र मार्गिका द्या, सिग्नलवर आधी सोडा असं जेव्हा जाणकार सांगतात, तेव्हा त्यामागे हे एवढं साधं गणित असतं. मावशींची रोजची ती जास्तीची मिनिटं म्हणजे त्यांची झोप असते, त्यांच्या मुलाच्या डब्याची वेळ असते. आरोग्य म्हणजे नुसती साखर आणि रक्तदाब नव्हे.

बस नसली की काय होतं तेही आपण पाहतोच. अठरा पूर्ण झाली की मुलगा दुचाकी मागतो आणि आपण ती देतो, कारण त्याला कॉलेजला जायला दुसरा मार्ग नसतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या काही वर्षांत ज्या बातम्या आल्या, त्या मी इथे उगाळत नाही. सुरुवातीला आपण दोन मिनिटं शांत उभे राहिलो, त्यात सगळं आलं.

आणि एक बाजू म्हाताऱ्या माणसांची. माझी आई शहात्तर वर्षांची आहे, गावाकडेच असते. तिला दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायला साताऱ्याला जावं लागतं. मी म्हणते, गाडी ठरवून देते, फोनवरून पैसे भरते, तू नुसती बस. ती ऐकत नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे. ती आधार कार्ड पिशवीत घालते, शेजारच्या काकूंना बरोबर घेते आणि सकाळच्या गाडीने जाते. बायकांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट, त्यामुळे काकूही खूश. डॉक्टर झाले की दोघी मंडईत जातात, देवदर्शन करतात, परत येताना अर्ध्या एसटीची खबरबात घेऊन येतात. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची म्हैस व्याली. मला आधी वाटायचं, ती पैसे वाचवते. मग एकदा म्हणाली, "तुझ्या गाडीत बसले की मी पेशंट असते. एसटीत मी माझी मी असते." मी त्यानंतर गाडीचं नाव काढलं नाही.

आईचं हे वाक्य आणि माझ्या मैत्रिणीची साडेपाचची गाडी, यांच्यामध्ये मला एकच गोष्ट दिसते. ज्याला कुणाच्या मागे बसून जावं लागत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही, त्याचं आयुष्य निरोगी. बस हे त्यासाठीचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. आणि बसचा प्रश्न असा आहे की, ज्यांचा आवाज चालतो ते सगळ्यात आधी तिच्यातून उतरतात. मोटारसायकल आली की उतरलो, गाडी आली की विसरलो. १९९५ साली ती साडेपाचची गाडी परत मागायला कुणी गेलं नाही, कारण ज्यांच्या शब्दाला वजन होतं त्यांची सोय झाली होती. मी आज दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही. माझीही सोय झाली होती. मीही कधी विचारलं नाही.

आता ते दृश्य.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापक सरांना भेटून मी सव्वापाचला बाहेर पडले. आपल्या शाळेच्या गणवेशातल्या मुली स्टँडबाहेर वडापच्या जीपमध्ये चढत होत्या. आत जागा संपली तेव्हा दोघी मागच्या फळीवर उभ्या राहिल्या, दप्तर पाठीवर, एका हाताने वरची दांडी धरून. त्यातली एक मला बघून हसली. चेहरा ओळखीचा वाटला. नंतर कळलं, ती माझ्या त्याच मैत्रिणीची धाकटी मुलगी. नववीत आहे.

मी परत शाळेत गेले. सरांनी हजेरीपट काढून दिला. नदीपलीकडच्या पाच गावांतून आज आपल्या शाळेत त्रेचाळीस विद्यार्थी येतात, त्यात सत्तावीस मुली. त्या रस्त्याला एसटी आज आहे. दुपारची गाडी पावणेपाचला सुटते, पुढची सव्वासातला. पण दोन वर्षांपूर्वी जादा तासांमुळे शाळा सुटायची वेळ पाच दहा झाली. गाडीची वेळ तशीच राहिली, कारण ही गोष्ट लेखी कुणी कळवलीच नाही. न सांगता त्यांना कळणार तरी कसं? यात कुणी वाईट नाही. पंचवीस मिनिटांचा फरक आहे फक्त. त्या पंचवीस मिनिटांत त्रेचाळीस मुलं रोज वडापच्या फळीवर येतात, किंवा जादा तास बुडवून पळतात.

म्हणून आज मी तुमच्याकडे पैसे मागत नाही. डिजिटल फळ्याचे पैसे जमले आहेत, फळा लागेलच. पण फळ्यासमोर बसायला मुलगी शाळेत टिकली पाहिजे. मी सरांच्या मदतीने एक अर्ज तयार केला आहे. त्याला गाववार यादी जोडली आहे, पासधारक किती, शाळा सुटण्याची वेळ काय, आणि पावणेपाचची गाडी साडेपाचला सोडली तर आधीच्या आणि नंतरच्या फेरीवर काय परिणाम होईल याचा तक्ता. वेळापत्रक जुळवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे तो तक्ता बरा जमला असावा. शाळेचा ठराव आणि पाच ग्रामपंचायतींची पत्रं हवीत. आपल्यातले दोघे आज सरपंच आहेत, तीन जणांच्या घरी सरपंच आहेत. अर्ज बाहेर चहाच्या टेबलाजवळ ठेवला आहे. सही करा, आणि आगारात अर्ज द्यायला माझ्याबरोबर कोण येणार ते सांगा. गाडी सुरू झाली तर महिनाभर ती भरलेली राहील हेही आपणच बघायचं आहे, कारण रिकामी गाडी कोणीच चालवू शकत नाही. वडापवाले आपलेच भाऊबंद आहेत, त्यांच्याशीही बोलू. सकाळच्या वेळी त्यांना भरपूर काम आहे.

आणि एक छोटी विनंती. पुढच्या मेळाव्याला ज्यांना शक्य आहे त्यांनी एसटीने या. आज शाळेच्या मैदानात आपल्या छत्तीस गाड्या उभ्या आहेत. मुलांना आज खो-खो खेळायला जागा राहिलेली नाही. मी स्वारगेटहून लाल गाडीने आले, निम्म्या तिकिटात, आणि शेजारी बसलेल्या आजींनी मला घरून आणलेली भाकरी खायला घातली.

माझी मैत्रीण आज इथे आली आहे. दहावीच्या फोटोत नाही म्हणून यायला तयार नव्हती. आज जो फोटो काढणार आहोत, त्यात ती पुढच्या रांगेत बसेल, माझ्या शेजारी, बाकावर बसायची तशी.

 

(ता. क. : स्मरणिका छपाईला जात असताना अर्जावर १३४ सह्या झाल्या आहेत. पाचपैकी चार ग्रामपंचायतींची पत्रं मिळाली. आम्ही सहा जण गेल्या सोमवारी आगारात जाऊन अर्ज देऊन आलो. पोच मिळाली आहे. तक्ता त्यांनी नीट वाचला, दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि उत्तर द्यायला महिनाभर मागितला. महिना संपला की आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी ग्रुपवर कळवावं.)